एकास पस्तीस चिखल

मेहकरात एखादी वस्तू जुनी दिसावी म्हणून कुणाला कधी कष्ट घ्यावे लागलेले नाहीत. नवी मोटारसायकल भालकीहून घरी येईस्तोवर निम्मी जुनी झालेली असते, उरलेली निम्मी घरची पोरं करतात. पत्र्याचा रंग पहिल्या पावसात उतरतो, दाराचा पहिल्या उन्हाळ्यात. काही वर्षांत ट्रॅक्टर निळा घेतला होता की लाल, यावर सख्ख्या भावांत वाद होतो. त्यामुळे आमच्या पुतण्यानं जेवता जेवता जाहीर केलं की तो पैसे मोजून एक नवा कोरा रणगाडा मागवणार आहे, आणि तो गंजका, घासलेला, चिखलानं बरबटलेला दिसावा म्हणून वर आणखी पैसे घालणार आहे, तेव्हा थोडा वेळ कुणी भाकरी मोडली नाही.

"किती जुना दिसाय पाहिजे?" आमचे चुलते, म्हणजे आबा, यांनी विचारलं.

"१९४८चा."

"मग जुनाच घे की. स्वस्तात पडंल."

पुतण्या पुण्यात संगणकावर काम करतो. ते काम आता घरूनही होतं म्हणून वर्षातले काही महिने तो गावी असतो, आणि माळवदाखालच्या खोलीत काय करतो ते कुणी विचारत नाही. प्लॅस्टिकचे रणगाडे जोडणाऱ्यांची जगात मोठी जमात आहे आणि आपल्या घरातला एक जण त्या जमातीत गेलाय, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. खोक्यात चौकटींना लटकलेले शे-दोनशे तुकडे येतात. ते कटरनं तोडायचे, कानशीनं घासायचे, चिमट्यात धरून चिकटवायचे. सगळं मिळून खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाचा रणगाडा होतो.

पस्तिसावाच का? आबांचा प्रश्न रास्त होता. तीस नाही, चाळीस नाही, अडनिडं पस्तीस कुठून आलं? उत्तर जपानात आहे. शिझुओका शहरातल्या टामिया कंपनीनं १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनांच्या पँथर रणगाड्याचं मॉडेल काढलं. ते मोटारीवर चालायचं. पोटात मोटर, गिअर आणि सेल मावले पाहिजेत म्हणून जेवढं पोट ठेवावं लागलं, त्यावरून बाकीची मापं बेतली आणि हिशेब एकास पस्तीसला येऊन थांबला. पुढं बाकीच्या कंपन्यांनीही तेच प्रमाण उचललं. आज कुठल्याही देशाचा कुठलाही रणगाडा घ्या, त्याची उंची त्या जपानी सेलांनी ठरवलेली असते. आबांना हे लगेच पटलं. आमच्या वाड्याच्या दरवाजाची रुंदीही पणज्याच्या बैलाच्या शिंगांवरून ठरली होती, असं ते म्हणाले.

पुतण्यानं शेर्मन निवडला. खरा शेर्मन जवळजवळ सहा मीटर लांब आणि तीस टन वजनाचा. लांबीला पस्तिसानं भागलं की सतरा सेंटिमीटर, म्हणजे वीतभरालाही कमी. वजनाला मात्र पस्तिसानं तीनदा भागावं लागतं, आणि तीस टनांचे सातशे ग्रॅम उरतात. "पाऊण किलोसुद्धा भरत न्हाई," असं म्हणून आईनं विषय संपवला.

खोकं आधी बुलढाण्याला गेलं. देशात मेहकर म्हटलं की लोकांना शारंगधर बालाजीचं, लोणारजवळचं, विदर्भातलं मेहकर आठवतं. भालकी तालुक्यातलं, कर्नाटकातलं, घरात मराठी, शाळेत कन्नड आणि बाजारात दखनी बोलणारं आमचं मेहकर कुणाच्या ध्यानात येत नाही. रणगाडा बुलढाणा जिल्ह्याची सैर करून आमच्याकडं आला तेव्हा खोक्याचे चारी कोपरे चेपलेले होते. एवढं विनामूल्य जुनेपण आलेलं पाहून पुतण्याला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. जुनेपणा खोक्याला नको, आतल्याला पाहिजे, तोही आपल्या हातानं आणलेला.

शेर्मन आणि १९४८ यांची सांगड त्यानं उगाच घातली नव्हती. निजामाच्या हैदराबाद संस्थानावर भारतीय फौज चालून आली तेव्हा तिच्यात शेर्मन आणि स्टुअर्ट असे दोन्ही रणगाडे होते. सोलापूरकडून येणारी मुख्य तुकडी १३ सप्टेंबरला पहाटे नळदुर्गात शिरली. बोरी नदीवरचा पूल उडवला जायच्या आत हाती आला. नऊ वाजता जळकोट, दुपारी सव्वातीनला उमरगा, दुसऱ्या दिवशी राजेश्वर. १७ तारखेला पहाटे फौज बीदरमध्ये होती, आणि १८ला निजामाच्या सैन्याचे प्रमुख एल एद्रूस यांनी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्यापुढं शरणागती पत्करली. नळदुर्ग ते उमरगा या टप्प्याला तेव्हा रणगाड्यांना जेवढा वेळ लागला, तो मी पुतण्याला पुनःपुन्हा सांगायला लावतो, कारण या भागात रस्त्याचं काम चालू असताना एसटीनं प्रवास केलेल्या माणसाला तो वेळ कौतुकाचा वाटतो.

आता, ही सगळी वाटचाल सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरची. मेहकर त्या रस्त्यावर नाही, जवळपासही नाही. पण आमच्याकडं एका ठरावीक वयाच्या वरच्या प्रत्येक माणसानं रणगाडा पाहिलेला आहे. आबांनी तर ऐकलाही आहे. तेव्हा ते लंगोटीत होते, आणि त्यांच्या सांगण्यातला रणगाडा दर दिवाळीला थोडा मोठा होतो. पुतण्यानं जोडून झालेलं, अजून रंग न दिलेलं मॉडेल त्यांच्यापुढं ठेवलं तेव्हा त्यांनी ते हातात घेऊन उलटं केलं, खालून पाहिलं, आणि परत देताना म्हणाले, "ह्याच्यापेक्षा मोठा होता."

जोडणी सोपी असते असं माझं मत झालं. चुकलं तर तुकडा बसत नाही, एवढं सरळ गणित. खरा धर्म सुरू होतो रंगापासून, आणि त्यातही रंग लावून झाल्यावर तो बिघडवण्यापासून. या बिघडवण्याच्या शास्त्रात गाण्यासारखी घराणी आहेत. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या शेपर्ड पेन यांनी मोनोग्राम कंपनीच्या खोक्यांत घालायच्या पत्रकांतून लोकांना शिकवलं की रणगाडा नुसता हिरवा रंगवून भागत नाही, तो कुठं उभा आहे, त्याच्यावर काय गुदरलंय तेही दिसलं पाहिजे. पुढं स्पेनमध्ये मिग हिमेनेथ आणि मंडळींचं घराणं उदयाला आलं. त्यांच्यात वरच्या बाजू उजळ, खालच्या गडद, आणि मध्ये तेलरंगाच्या ठिपक्यांची फिरत. पारंपरिक मंडळींना हे फार नाटकी वाटतं. स्पॅनिश मंडळींना पारंपरिक काम निर्जीव वाटतं. पुतण्या तालमीत पारंपरिक, पण ओढ स्पेनची. आमच्याकडं संगीतात किराणा घराण्याचं नाव मानानं घेतात, पण ताना सगळ्यांनाच आवडतात, तसंच हे.

रंगाचे पोपडे उडालेले दाखवायची एक पद्धत अशी. आधी सगळा रणगाडा गंजाच्या रंगानं रंगवायचा. त्यावर केसांना मारतात तो हेअरस्प्रे मारायचा. तो वाळला की वर हिरवा रंग. मग ओल्या कुंचल्यानं हळूहळू घासलं की पाण्यानं हेअरस्प्रे विरघळतो, हिरवा रंग सुटतो आणि खालचा गंज डोकावतो. युक्ती नामी आहे. हेअरस्प्रे आणायला मात्र मला भालकीच्या ब्यूटी पार्लरमध्ये धाडण्यात आलं. तिथल्या बाईंनी माझ्या डोक्याकडं पाहिलं. ज्यावर काही मारण्यासारखं शिल्लक नाही असं ते डोकं त्यांनी सावकाश, अनुभवी नजरेनं पाहिलं, आणि शुद्ध सहानुभूतीनं विचारलं, "कुणासाठी पाहिजे होता, अण्णा?" रणगाड्यासाठी, हे उत्तर त्या दुकानात देता येत नाही. मी वहिनीचं नाव घेतलं. वहिनीनं आयुष्यात खोबरेल तेलापलीकडं डोक्याला काही लावलेलं नाही. पण गाव लहान आहे, आणि आता तिच्याविषयी वेगळंच बोललं जातं.

मध्येच पुतण्याला वाटलं की खरे रणगाडे पाहिल्याशिवाय खरा गंज कळायचा नाही. त्यासाठी तो नगरला जाऊन आला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. तिथं चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, आणि १९९४ साली सुरू झालेलं रणगाड्यांचं संग्रहालय. रोल्स रॉइस सिल्व्हर घोस्टवर बांधलेली चिलखती गाडी आहे. मटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल ही दुसऱ्या महायुद्धातली मंडळी आहेत. सेंच्युरियन आहे, आपला विजयंता आहे, आणि पाकिस्तानकडून आलेला पॅटन आहे. १९६५ साली असल उत्तरच्या लढाईत ज्या पॅटनांची खोड मोडली, त्यांच्यासमोर डेक्कन हॉर्सचे शेर्मन उभे होते, म्हाताऱ्या पिढीतले. आणि त्यांचं नेतृत्व करत होते अरुणकुमार वैद्य, पुढं लष्करप्रमुख झाले ते. त्यांना त्या लढाईसाठी महावीरचक्र मिळालं. पुतण्यानं हे सगळं मला सांगितलं तेव्हा त्याचा आवाज भरून आला होता. पण तो पडलेल्या चेहऱ्यानंच परतला होता.

"काय झालं रे?"

"काका, एकालासुद्धा गंज न्हाई."

फोटो दाखवले. खरंच नव्हता. हिरवळीवर ओळीनं उभे असलेले रणगाडे, धूळ पुसलेली, रंग चढवलेला, अंगावर ओरखडा म्हणून नाही. लष्कराची शिस्त अशी की हलतं त्याला सलाम आणि हलत नाही त्याला रंग. म्हणजे जे खरोखर रणांगणात जाऊन आले ते तिथं शोरूममधून आणल्यासारखे उभे, आणि इकडं आमच्या माळवदाखाली, ज्यानं बुलढाण्यापलीकडं कुठलाही मुलूख पाहिलेला नाही, तो बारा लढाया लढल्याच्या थाटात. मला वाटतं, दोघांची अदलाबदल केली तर कुणालाच हरकत नसावी.

गंजाचा प्रश्न शेवटी गावातल्या ट्रॅक्टर-गॅरेजच्या मामांनी सोडवला. ते सहज डोकावले होते. पुतण्यानं पट्ट्यांना, म्हणजे रणगाडा ज्यावर चालतो त्या साखळीला, प्रेमानं नारिंगी गंज चढवला होता. मामांनी पोकलेनच्या चेन आयुष्यभर दुरुस्त केलेल्या. त्यांनी चष्मा वर केला.

"हे चालू हाय का बंद पडलेलं?"

"चालू. नळदुर्गहून निघालंय."

"मग गंज कुठला? रोज घासतंय त्याला गंज लागत न्हाई. बसून ऱ्हातंय त्याला लागतो." हे म्हणताना त्यांनी खाटेवर बसलेल्या माझ्याकडं का पाहिलं ते मला अजून कळलेलं नाही. मग त्यांनी पुढचा तास शिकवणी घेतली. साखळीची जमिनीला घासणारी कड चांदीगत चमकते, गंज असलाच तर खाचेत. माणूस जिथं पाय देऊन वर चढतो तिथला रंग आधी जातो. डिझेल भरायच्या तोंडाशी ओघळ पाहिजे, आणि त्या ओघळावर धूळ बाकीच्यापेक्षा जास्त चिकटलेली पाहिजे, कारण तेलकट. सायलेन्सरच्या मागं काजळी. झाकणाच्या कडेला हातांचा मळ. युरोपातल्या उस्तादांनी जाड पुस्तकांतून जे सांगितलंय ते मामांनी चहा निवायच्या आत सांगून टाकलं. पुतण्या वहीत उतरून घेत होता. डागाला कारण पाहिजे, हे दोन्ही घराण्यांचं बोधवाक्य, पण मामा तिसऱ्याच घराण्याचे. त्यांच्या अंगावरच्या शर्टाचा प्रत्येक डाग त्यांना तारीखवार माहीत होता.

उरला चिखल. आणि इथं सगळं गाव उतरलं.

पुतण्यानं बाहेरून कुप्या मागवल्या होत्या. प्रत्येकीत पस्तीस मिलिलिटर माती. होय, मातीच. एकीवर लिहिलेलं युरोपातली धूळ, दुसरीवर रशियाची माती, तिसरीवर आखाती युद्धाची वाळू. ज्या घराच्या दारात उतरलं की टाच रुतते, त्या घरात कुरिअरनं माती आली. आईनं कुपीवरची किंमत ऐकून परसात पाहिलं. तिला एकरी भाव काढायचा असावा.

"पण हा बीदरकडं आलेला रणगाडा," आबा म्हणाले, "ह्याला रशियाची माती कशाला?"

मुद्दा बिनतोड होता. सप्टेंबर, म्हणजे पावसाळ्याचा शेवट, रानं ओली, मूग-उडदाची काढणी. धूळ नाही, चिखल. कुठला चिखल? सोलापूर, नळदुर्ग, उमरगा सगळी काळी. हुमनाबाद-बीदरकडं चढलात की जांभ्याचं पठार, तांबडी. म्हणजे रणगाड्यावर खाली वाळून राखाडी झालेला काळा चिखल, आणि वर ताजा तांबडा, असे दोन थर पाहिजेत. यावर पारावर चर्चा झाली. काहींचं म्हणणं, वाटेत पाऊस लागला असणार, काळा धुऊन गेला असणार. एकानं विचारलं की रणगाडा मेहकरात नाही आला तर इथली माती लावणं खोटं नाही का? त्याला सांगण्यात आलं की हुमनाबादची माती आणायला जाणाऱ्याला भाडं तूच दे. मेहकरची मंजूर झाली.

पण मातीलाही प्रमाण असतं, हे गावाला ठाऊक नव्हतं. मिलिमीटरभराचा खडा या रणगाड्यावर साडेतीन सेंटिमीटरचा दगड होतो. म्हणून माती चाळायची, मग वस्त्रगाळ करायची. इथं मात्र आमच्या काळ्या मातीनं रशियाला मागं टाकलं. ती मुळातच चिकणमाती. तिचे बारीकातले बारीक कण मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहूनही लहान. आबांच्या जुन्या धोतरातून गाळलेली ती भुकटी इतकी तलम निघाली की आत्या पावडर समजून गालाला लावणार होत्या.

तिचा स्वभाव मात्र रानातलाच राहिला. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, आकसली की भेगाळते. पुतण्यानं चिखल कालवून चाकांवर थापला, आणि सकाळी पाहतो तो सगळा चिखल तडकून खपल्या-खपल्यांनी गळत होता. भेग दोन मिलिमीटरची. पस्तिसानं गुणा, सात सेंटिमीटर. आमच्या रानात मे महिन्यात अगदी तेवढीच पडते. प्रमाण बरोबर, महिना चुकला. मग त्यात फेव्हिकॉल घातला.

याच दिवसांत तो बीदरला एका बिदरी कारागिराकडं बसून आला. या जिल्ह्यात धातूला मुद्दाम काळं करायची कला बहमनी काळापासून चालू आहे, हे आम्ही सोयीस्करपणे विसरलो होतो. जस्तात थोडं तांबं मिसळून भांडं ओततात, त्यात चांदीच्या तारेची नक्षी ठोकतात, आणि शेवटी किल्ल्यातल्या जुन्या बांधकामातली, वर्षानुवर्षं ऊन-पाऊस न लागलेली माती नवसागराबरोबर पाण्यात मिसळून, त्यात ते तापवलेलं भांडं फिरवतात. जस्त काळंभोर होतं आणि चांदी पांढरीच राहते. माती योग्य आहे की नाही ते कारागीर जिभेवर ठेवून ओळखतात. पुतण्यानं घरी आल्या आल्या आमच्या परसातली माती चाखली. ते नेमकं आईनं पाहिलं.

"मातीचे डोहाळे कुणाला लागलेत म्हणावं?"

१७ सप्टेंबरला रणगाडा पुरा करायचा त्याचा बेत होता. त्या दिवशी सीमेपलीकडं मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन असतो आणि अलीकडं कल्याण कर्नाटक दिन. झेंडा दोन्हीकडं सकाळीच चढतो, रणगाडा आमच्याकडं चढला नाही. करंट जायचा, रंग फवारायचा कॉम्प्रेसर थांबायचा, आणि करंट आला की पुण्याची मीटिंग लागायची. शेवटी तो पुरा झाला खंडेनवमीच्या आदल्या रात्री. खंडेनवमीला आमच्याकडं विळे, कुऱ्हाडी, तिफण, ट्रॅक्टर, शिलाई मशीन, सगळ्यांची पूजा होते. गेली काही वर्षं लॅपटॉपचीही होते. पूजेत खरं शस्त्र कधी नसायचं, ती उणीव यंदा भरून निघाली. आईनं पाटावर रणगाडा मधोमध ठेवला, आणि कुणी काही म्हणायच्या आत तोफेच्या बुडाशी हळदकुंकवाची बोटं उमटली.

पुतण्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. इतक्या थरांवर खऱ्या बोटाचा ठसा. १:३५च्या हिशेबानं तो अर्धा मीटर रुंद. पण मग त्यानं विचार केला असावा. पलटणींतही दसऱ्याला शस्त्रपूजा होतेच, रणगाड्याला हळदकुंकू लागतंच, म्हणजे डागाला कारण आहे. मामांनीही मान डोलावली. त्यानं फक्त ठशाच्या कडा ओल्या कुंचल्यानं आत घेतल्या आणि प्रमाणात आणल्या.

"आन् लिंबू?" आबा म्हणाले. "चाकाखाली लिंबू न्हाई ठेवलं?"

खरं तर इथं थांबता आलं असतं. पण पुतण्याच्या डोक्यात हिशेब सुरू झालेला होता. लिंबू चार सेंटिमीटरचं. पस्तिसावा हिस्सा, मिलिमीटर आणि वर थोडं. वहिनीनं डब्यातून पिवळ्या मोहरीचा दाणा काढून दिला. पुतण्यानं पट्टी लावली. दोन मिलिमीटर. "हे लिंबू न्हाई, सात सेंटिमीटर होतंय. महाळुंग झालं." महाळुंग चाकाखाली ठेवायची पद्धत नाही, यावर सगळ्यांचं एकमत होतं. मग अनारशाची खसखस निघाली. साडेतीन सेंटिमीटर, कागदी लिंबू, बारीक पण चालंल. तो दाणा सुईच्या टोकावर धरून पिवळा रंगवला आणि उजव्या साखळीपुढं चिमट्यानं ठेवला. आबांना तो दिसेना. ते चष्मा पुसून, गुडघ्यांवर हात टेकून पार खाली वाकले, आणि हळदीनं त्यांना शिंक आली.

पुतण्यानं दुसरा दाणा सुईवर घेतला. आईनं खसखशीचा डबाच त्याच्यापुढं सरकवला. "घे," ती म्हणाली, "सगळीच पिवळी करून ठेव. अजून दिवसभर आबा हायतच."